पाणी मुरतंय कुठं?

तुम्ही खाल्लेलं तुमचं कधी होतं, सांगता? घास तोंडात गेला की? गिळला की? ढेकर आली की? तिन्ही वेळा चुकलात. वाईट वाटून घेऊ नका, भिंतीवर डिग्र्या लावलेलेही इथंच चुकतात. तोंडापासून खालच्या दारापर्यंत एकच नळी आहे. नळीतला माल नळीतच असतो, घरात आलेला नसतो. गल्लीतून भाजीची गाडी गेली म्हणून तुमच्या चुलीवर भाजी शिजत नाही. कुणीतरी दार उघडून ती आत घ्यावी लागते. दारच उघडलं नाही, तर गाडी या टोकानं शिरते, त्या टोकानं निघून जाते आणि गल्ली म्हणते, या घरात खातात तरी किती!

थेंबवालीबद्दल गल्ली हेच म्हणायची. वय एकोणचाळीस, वजन छत्तीस किलो, तेही चपला घालून. दुपारी ती मुकादमाच्या दुप्पट जेवायची आणि मुकादम तिच्या अडीचपट दिसायचा. कुणाला हिशेब लागत नव्हता. तिलाही नाही.

टॉवेलच्या कारखान्यात अगदी शेवटच्या खोलीत, खिडकीखाली तिचं टेबल होतं. टेबलावर काचेचा ड्रॉपर, पाण्याची वाटी आणि स्टॉपवॉच. प्रत्येक गठ्ठ्यातला एक तुकडा तिच्यासमोर यायचा. ती तो लाकडी चौकटीत ताणून बसवायची, थोड्या उंचीवरून एक थेंब सोडायची आणि घड्याळ दाबायची. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर टॉवेल नापास. पाच सेकंदांच्या आत त्याची चमक जाऊन तो मुरला तर पास. काम एवढंच. पण दिवसाला तीनशे थेंब टाकून बघा, मग 'एवढंच' म्हणा.

नवा टॉवेल पाणी टिपत नाही, नुसता अंगावरून घसरतो, हे तुम्ही घरी पाहिलं असेल. हाताला लोण्यासारखा लागावा म्हणून त्याला शेवटी एक रसायन पाजतात. ते टॉवेलच्या लूपवर, म्हणजे त्या उभ्या दोऱ्यांच्या वेटोळ्यांवर चढून बसतं आणि पाण्याला दारातूनच परत पाठवतं. रसायन जास्त झालं की अख्खा गठ्ठा नापास. मग खात्यातले लोक युक्ती करायचे. तुकडा तिच्याकडे नेण्याआधी गरम पाण्यात खळबळायचे, इस्त्री मारायचे आणि साळसूदपणे आणून ठेवायचे. धुतलेला टॉवेल घटाघटा पितो.

थेंबवाली तुकडा नाकाला लावायची आणि इस्त्रीचा वास आला की आणणाऱ्याच्या अंगावर परत फेकायची.

"आंघोळ घालून आणलंस होय रे याला? मग गठ्ठ्यातल्या बाकीच्या चारशेंनाही घाल. मला जसा आहे तसा दाखव."

अकरा वर्षांत तिच्या टेबलावरून एकही धुतलेला तुकडा पुढं सरकला नाही. याबद्दल तिचा कुणी सत्कार केला नाही. मुकादम तिला चिडून 'थेंबवाली' म्हणाला होता, तर हिनं ते नाव पदवीसारखं लावून घेतलं. फोनवरही तेच सांगायची. "कोण? थेंबवाली बोलतेय."

घरी सासू आणि नवरा. नवरा कारखान्याच्याच बॉयलरवर होता. दिवसभर वाफेच्या आवाजात राहिल्यामुळं त्याला घरात कुणी ओरडलेलं ऐकू यायचं नाही, किंवा तसं तो म्हणायचा. सासूचं निदान मात्र पक्कं होतं.

"सूनबाई, तीन माणसांचं जेवतेस आणि दिसतेस दोरीवर वाळत घातल्यासारखी. मन साफ नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही."

"आई, तसं असतं तर पहिल्यांदा तुमच्या अंगी लागलं नसतं."

"बघ! हेच ते मन."

पोटाचं रडगाणं वेगळंच. दिवसातून चार-पाच वेळा धावाधाव, पोट ढोलासारखं फुगलेलं, तोंड आलेलं, चालताना पोटऱ्यांत गोळे. कारखान्याच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. बाराच्या वर हवं ते हिमोग्लोबिन साडेसात निघालं. त्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. साडेसात.

"गोळ्या गटारात टाकता ना, बाई?"

तिनं पिशवीतून पाकीट काढलं, त्याच्या टेबलावरचं पाणी ओढलं, गोळी जिभेवर ठेवून त्याला दाखवली आणि गिळली. "आता माझ्याबरोबर चला घरी. तीन महिने बसा आणि बघा कुठं जातात त्या."

डॉक्टर गेला नाही. जायला हवं होतं.

मग एका सकाळी, दहाच्या सुमाराला, ती थेंब सोडून घड्याळ दाबल्यावर तशीच पुढं कलंडली, टॉवेलच्या चळतीवर. चळत मऊ होती, लागलं काही नाही. घड्याळ चालूच राहिलं. तिला उठवून कुणीतरी ते बंद केलं तेव्हा चार मिनिटं अकरा सेकंद झाली होती. तिनं डोळे उघडले, आकडा पाहिला आणि म्हणाली, "नापास."

यानंतर कचेरीतून आदेश निघाला. सहा महिन्यांत रक्त दहाच्या वर आलं नाही, तर कामाला अपात्र. टेबल दुसऱ्याकडे. आदेश घेऊन मुकादम आला, तो चेहरा पाडून. पण चेहऱ्याच्या कडेनं आनंद गळत होता.

"टेबल रिकामं ठेवून भागत नाही, बाई. माझी मेहुणी आहे, बारावी झालेली. घड्याळ दाबायला पुष्कळ झालं."

"आणि धुतलेला तुकडा ओळखायला?"

"ती माणसांवर विश्वास ठेवते," मुकादम म्हणाला.

आता थेंबवालीला झोंबलं. रक्त, अशक्तपणा, मरण, हे सगळं तिनं बाजूला ठेवलं. ते टेबल जाता कामा नये, एवढंच डोक्यात राहिलं.

पलीकडच्या खात्यात सुताच्या रिळांवर बसणारी बॉबिनवाली एकदा हात धुताना म्हणाली, "माझ्या आत्याच्या मुलीचं सेम टू सेम होतं. गहू सोडला आणि सुटली." थेंबवालीनं त्याच दिवशी गहू सोडला. पाव बंद, बिस्किट बंद, गव्हाच्या पिठाचं सगळं बंद. भात, बटाटे, मका, डाळ, अंडी. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांत पोटाचा ढोल वाजायचा थांबला. धावाधाव पाचावरून एकावर आली. चार महिन्यांनी, त्याच त्या गोळ्या खाऊन, रक्त नऊ पूर्णांक एक.

"मन साफ झालेलं दिसतंय," सासू म्हणाली.

अडचण एकच. कारखान्यात बाहेरचा डबा आणायला बंदी, टॉवेलवर डाग पडतात म्हणून. कँटीनमध्ये पाव आणि रस्सा, आणि रस्साही पीठ लावून दाट केलेला. चार महिने ती दुपारी कँटीनमधल्याच दोन उकडलेल्या अंड्यांवर काढत होती. तिनं वेगळा भात मागितला.

"कागद आण," मुकादम म्हणाला. "गव्हाचा त्रास आहे असं डॉक्टरनं लिहून दिलेलं. नाहीतर उद्या सगळेच म्हणतील आम्हाला भात."

गोष्ट रास्त होती. म्हणून ती चिडली, पण गेली. सार्वजनिक दवाखान्यात रक्त दिलं. गहू न सोसण्याचा एक आजार असतो, त्यात शरीर गव्हातल्या एका चिकट प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध फौज उभी करतं. रक्तात ती फौज मोजतात. आठ दिवसांनी कागद आला. फौज नाही. दोष आढळला नाही.

मुकादमानं तो कँटीनमध्ये मोठ्यांदा वाचला. वाचायची काही गरज नव्हती. "दोष आढळला नाही! म्हणजे काय, तर नखरे आढळले."

लोक हसले. बॉबिनवालीही हसली, मग ताटात बघायला लागली.

थेंबवाली तो कागद घेऊन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढं उभी राहिली. खोली एवढीशी, वजनकाटा, पडदा, एक हलणारं स्टूल. डॉक्टरीणबाई तिच्यापेक्षा लहान होत्या आणि डब्यातलं खात खात बोलायच्या, कारण त्यांना जेवायला वेगळी वेळच नसायची.

"हा कागद खोटा आहे," थेंबवाली म्हणाली.

"कागद खरा आहे. बसा. रक्त दिलंत तेव्हा गहू खात होता ना?"

"छे हो! चार महिने शिवले नाही."

डॉक्टरीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "अहो, मग फौज सापडेल कशी? शत्रू दिसेना झाला, फौज घरी गेली. आतली भिंतसुद्धा दुरुस्त व्हायला लागली असेल. तपासणीच्या आधी गहू सोडायचा नसतो."

थेंबवालीनं हातातला कागद नाकाला लावला. मग म्हणाली, "म्हणजे मी धुतलेला तुकडा आणला."

"कसला तुकडा?"

तिनं सांगितलं. गरम पाणी, इस्त्री, सगळं. अकरा वर्षं लोकांच्या अंगावर जे फेकलं, ते आज स्वतःच्या हातांनी स्वतःच इथं आणून ठेवलं होतं, आणि त्याचा वास काही तिला आला नव्हता.

डॉक्टरीणबाईंना टॉवेल आवडला. त्यांनी कागद ओढून चित्रच काढलं. "हे तुमचं लहान आतडं. वीसेक फूट लांब. आतून गुळगुळीत नसतं. तुमच्या टॉवेलला लूप, तसे याला अंकुर. लाखो. आणि त्या प्रत्येकावर आणखी बारीक लव. सगळं सपाट करून पसरलं तर दोन खोल्यांच्या घराची फरशी झाकेल. का एवढं? टॉवेलला लूप का असतात?"

"जागा वाढावी म्हणून. जागा जास्त, तेवढं पाणी जास्त."

"तेच. जठरात अन्नाचा काला होतो. पुढं यकृताचं पित्त आणि स्वादुपिंडाचे रस येऊन त्याचे बारीक बारीक तुकडे करतात. पिठाची साखर होते, डाळीतल्या प्रथिनांचे सुटे मणी होतात. ते अंकुरातून रक्तात जातात आणि रक्त त्यांना आधी यकृताकडं नेतं. तेला-तुपाची वाट वेगळी. प्रत्येक अंकुराच्या मधोमध एक दुधाळ नळी असते, त्यातून ते फिरून रक्तात येतं. लोह घेतात अगदी सुरुवातीचे अंकुर. हे झालं की मग म्हणायचं, खाल्लेलं अंगी लागलं."

"आणि माझे?"

"तुमच्या शरीराची फौज गव्हावर चालून जाते आणि लढाई होते अंकुरांवर. गव्हाला काही होत नाही. अंकुर झिजून सपाट होतात."

"कातरलेली बाजू," थेंबवाली म्हणाली. "मखमली टॉवेल असतात ना आमच्याकडं, लूप कापून टाकलेले. दिसायला राणी, टिपायला शून्य."

"आणि लोह घेणारे अंकुर सुरुवातीलाच, म्हणून मार पहिला त्यांना. तुमच्या गोळ्या गटारात जात होत्याच. फक्त तुमच्यातून."

यावर थेंबवाली हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

मग डॉक्टरीणबाईंनी कामाचं सांगितलं. कागद हवा असेल तर पुन्हा गहू खायचा. रोज पावाचे निदान दोन मोठे तुकडे, सहा आठवडे. मग पुन्हा रक्त, आणि तोंडातून कॅमेरा घालून आतड्याचा कण काढून तपासायचा. त्रास होईल. रक्त खाली येईल. नको असेल तर नका करू, गहू सोडलेलाच ठेवा, बरं वाटेल; पण नक्की काय आहे ते कधीच कळणार नाही, कॅल्शियम न मुरल्यानं ठिसूळ होणाऱ्या हाडांवर लक्ष ठेवता येणार नाही, आणि कागदही मिळणार नाही.

कारखान्याच्या तपासणीला आठ आठवडे उरले होते. नऊ पूर्णांक एकचं दहा व्हायला तेवढे पुरले असते. गहू न खाता ती गप्प बसली असती तर टेबल तिचंच होतं. गहू खाल्ला तर कागद मिळण्याची शक्यता, आणि टेबल जाण्याची खात्री.

नवऱ्यानं पहिल्यांदाच तिचं बोलणं एका दमात ऐकलं. "गप्प बस की मग. कागदाला काय चाटायचंय? टेबल राहतंय ना?"

"मला धुतलेला तुकडा दाखवून पास व्हायचं नाही."

"अगं, तू काय टॉवेल आहेस?"

"हो."

तत्त्वाची बाई म्हणून तिचं कौतुक करायला जाऊ नका. तिला तत्त्व होतं, पण त्याहून मोठा राग होता. 'नखरे' हा शब्द तिच्या कानातून निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ती मुकादमाच्या समोरच्या बाकावर बसली आणि त्याच्याकडं बघत पावाचे दोन तुकडे खाल्ले.

"गेले का नखरे?" तो म्हणाला.

"येतायत," ती म्हणाली, आणि पंचवीस मिनिटांनी संडासाकडं धावली.

पुढच्या सहा आठवड्यांचं वर्णन जेवताना वाचणाऱ्यांसाठी आटोपतं घेतलेलं बरं. धावाधाव एकावरून सहावर गेली. पोट इतकं फुगलं की बॉबिनवालीनं हळूच अभिनंदन केलं. ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची आणि आणखी सुकायची. हे तिला कोडं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नुसतं पाणी ओतून भागत नाही. दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी या नळीतून जातं. प्यालेलं दोन लिटर, बाकी शरीरानंच सोडलेले रस. त्यातलं बहुतेक लहान आतडं परत ओढतं, उरलेलं मोठं आतडं, आणि बाहेर जातं ते जेमतेम अर्धा पेला. पण पाणी आपल्या पायांनी आत जात नाही. मीठ आणि साखर जोडीनं दारातून आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं. तेव्हा पाण्यात दोन्ही हवं, आणि मापात. लिटरभर स्वच्छ पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ.

हे माप सासूनं पाठ केलं. का, कोण जाणे. मध्यरात्रीसुद्धा ती संडासाच्या दाराबाहेर पेला घेऊन उभी राहायची.

"झालं का?"

"आई, जा हो तिकडं."

"जाते. आधी पी. आणि मनात काही धरून बसू नकोस."

"मनात नाही, पोटात धरवत नाहीये!"

"तेच म्हणते मी," सासू म्हणायची. स्वतःचं निदान तिनं शेवटपर्यंत मागं घेतलं नाही, पण स्वतःच्या जेवणातला पाव बंद केला. सुनेसमोर बरं दिसत नाही म्हणून. सुनेला तो त्या वेळी खायचाच होता, हे तिला तीनदा सांगूनही उपयोग झाला नाही.

सहा आठवडे संपले. रक्त दिलं, कॅमेरा गेला, कण काढला. कणाच्या अहवालाला दोन आठवडे लागणार होते. कारखान्याची तपासणी त्याच्या तीन दिवस आधी आली. रक्त आठ पूर्णांक दोन. अपात्र.

मुकादम मेहुणीला घेऊनच आला. थेंबवालीनं ड्रॉपर पुसला, वाटीतलं पाणी खिडकीबाहेर ओतलं आणि घड्याळ शून्यावर आणून मेहुणीच्या हातात दिलं. "वास घ्यायचा आधी," एवढंच म्हणाली. मेहुणीनं मान हलवली. ती घाबरलेली होती. तिला कुणी विचारलेलंच नव्हतं.

तीन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. शेजारी निरोगी आतड्याचा, तुलनेला. एकात बोटांसारखे उभे अंकुर, दाट. दुसऱ्यात नुसती पट्टी.

"हा टॉवेल नव्हे," थेंबवाली बराच वेळ बघून म्हणाली. "चादर आहे."

रक्तातली फौजही जागच्या जागी हजर होती. कागदावर आजाराचं नाव आलं: सिलिॲक. ती नाव मोठ्यांदा वाचत दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. नवरा खाली उभा होता. त्याला ऐकू आलं.

कारखान्याच्या नियमात एक बारीक ओळ होती. 'अशक्तपणा' असेल तर माणूस अपात्र. नाव असलेला, बरा होण्याजोगा आजार असेल तर रजा. अशक्त माणसाला घरी बसवायचं आणि आजारी माणसाला परत घ्यायचं. फरक फक्त नावाचा. तिनं ती ओळ बोटानं दाखवली आणि साहेबांच्या टेबलासमोरून हलली नाही. साडेपाच तास. शेवटी सही झाली. सात महिने रजा.

त्या सात महिन्यांत ती गव्हाच्या कणालाही शिवली नाही. गोळ्या त्याच. या वेळी त्या गटारात गेल्या नाहीत. अंकुर पुन्हा उगवतात, सावकाश, नव्या गवतासारखे. रक्त अकरा पूर्णांक चार. वजन चव्वेचाळीस, आणि या वेळी चपला काढून.

ती परत गेली तेव्हा टेबलामागं मेहुणी बसलेली होती आणि उठायची काही चिन्हं नव्हती. थेंबवाली भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात खात्यातला एकजण तुकडा घेऊन आला. मेहुणीनं तो नाकाला लावला आणि त्याच्या अंगावर असा फेकला की त्याची टोपी उडाली.

"इस्त्रीची ऊब आहे अजून! लाज वाटत नाही?"

मुकादम दारातून हे बघत होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आपणच आणलेली, आणि तीही घरातली.

टेबल थेंबवालीला परत मिळालं नाही. अर्धं मिळालं. दुसरी खुर्ची आली, दुसरा ड्रॉपर आला आणि खात्याला एकीच्या जागी दोघींना तोंड द्यावं लागलं. कँटीनमध्ये तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात भात शिजतो. दुपारी तिच्या टेबलाशी लोक येतात, कुणाची बहीण, कुणाचा मुलगा, खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणून. ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगते, आणि तीच तुम्हालाही सांगायची आहे.

तुमच्या घरात कुणी खाऊनही वाळत असेल, ज्याचं रक्त गोळ्यांना दाद देत नसेल, ज्याचं पोट सतत बिघडलेलं असेल, तर त्याच्या मनाची झडती घेऊ नका. प्रत्येकाला हाच आजार असेल असंही धरून चालू नका. कुणाचं तरी ऐकून परस्पर गहू बंद करू नका. नेहमीचं जेवण चालू असतानाच त्याला डॉक्टरकडं न्या आणि रक्त तपासून घ्या. आधी सुई, मग पथ्य. हा आठवडा जाऊ देऊ नका.